मोतीबिंदूनंतर डोळा लाल का दिसतो?

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळा लाल दिसला की घरात सगळ्यांचाच जीव वरखाली होतो. शेजारच्या काकूंचा तर दुसऱ्याच दिवशी स्वच्छ होता! फरक पुष्कळदा छेदाचा असतो. फेकोमध्ये छेद जेमतेम २ ते ३ मिलिमीटरचा. मोतीबिंदू ध्वनिलहरींनी आतच फोडून शोषून घेतात. हाताने करायच्या पद्धतीत तो अख्खा काढतात, म्हणून छेद ६-७ मिलिमीटरचा लागतो. टाके सहसा दोन्हींत नसतात. मोठ्या छेदानंतर सुरुवातीला लाली, सूज थोडी जास्त राहते, पण त्यावरून ती पद्धत हलकी समजू नका. पिकून कडक झालेल्या मोतीबिंदूत फेकोनंतरही बुबुळाला सूज येऊ शकते.

थेंब मात्र डॉक्टरांनी सांगितले तसेच हळूहळू कमी करा. डोळा पांढरा दिसतोय म्हणून मध्येच बंद केले, तर सूज पुन्हा उसळू शकते. मधुमेह असेल तर जास्तच जपा. आणि लाली उतरण्याऐवजी वाढली, ठणका लागला, दिसणे धूसर होत चालले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांचे डॉक्टर गाठा.