विश्लेषण : हजार रुपयांचा टेम्परेचर कंट्रोलर उन्हाळ्यात दूध वाचवेल का?

जुन्या डीप फ्रीझरला छोटासा टेम्परेचर कंट्रोलर जोडला की घरच्या घरी ‘मिल्क कूलर’ तयार, असे सांगणारे व्हिडिओ सध्या मोबाइलवर बरेच फिरतात. मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या बीड जिल्ह्यात हा पर्याय मोहात पाडणारा आहे. ४० लिटरचा एक कॅन नासला आणि दर लिटरमागे ३० रुपये धरला, तर एका रात्रीत १२०० रुपये जातात. कंट्रोलर मिळतो साधारण हजाराच्या आत-बाहेर. मग तो घ्यावा का? कोणता घ्यावा? आणि त्याने खरेच दूध वाचते का?

हा प्रश्न आत्ताच का?

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा अवर्षणप्रवण पट्टा. शेती पावसावर आणि हंगामात ऊसतोडीचे स्थलांतर, अशा घरांत रोजचा पैसा देणारा जोडधंदा म्हणजे दूध. दराची घसरण इतकी झाली होती की २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान जाहीर केले. एवढ्या कमी फरकावर चालणाऱ्या धंद्यात केंद्रावरून परत आलेला एक कॅनही आठवड्याचे गणित बिघडवतो.

गावात बल्क कूलर असेल आणि दोन्ही वेळचे दूध लगेच जात असेल, तर अडचण नाही. अडचण आहे ती लांबच्या वस्तीची. गाडी दिवसातून एकदाच येते आणि संध्याकाळचे दूध रात्रभर सांभाळावे लागते.

कंट्रोलर नेमके करतो काय?

बीडच्या भाषेत सांगायचे तर कंट्रोलर हा मुकादम आहे, मजूर नव्हे. काम कधी सुरू करायचे आणि कधी थांबवायचे, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्ष उष्णता बाहेर काढण्याचे कष्ट कॉम्प्रेसरचे.

डीप फ्रीझरचा मूळ थर्मोस्टॅट उणे १८ अंशांच्या आसपास नेण्यासाठी असतो. दूध शून्याच्या जरासे खाली, सुमारे उणे अर्ध्या अंशाला गोठू लागते. गोठलेल्या दुधातील स्निग्धांश नंतर नीट मिसळत नाही. म्हणून बाहेरचा कंट्रोलर जोडून फ्रीझरला ४ अंशांवर थांबवतात. सेन्सर तापमान मोजतो, आतला रिले कॉम्प्रेसरची वीज चालू-बंद करतो. यंत्र इतके साधे आहे.

मग ४० लिटर दूध किती वेळात थंड होते?

व्हिडिओंमध्ये नेमका हाच हिशेब नसतो. धारेचे दूध ३५ अंशांच्या आसपास असते. ते ४ अंशांवर आणायचे म्हणजे ३१ अंशांची घट. एक किलो दूध एक अंशाने थंड करायला साधारण ३.९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. ४० लिटर म्हणजे सुमारे ४१ किलो. गुणाकार केला तर आकडा ५००० किलोज्यूलच्या जवळ जातो, म्हणजे विजेच्या भाषेत जवळपास १.४ युनिट उष्णता.

घरगुती आकाराच्या डीप फ्रीझरची उष्णता काढण्याची क्षमता २०० वॅट धरली, तर या कामाला ७ तास लागतात. हेही झाकण बंद, बाहेरची उष्णता आत येत नाही आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो, असे गृहीत धरून. शिवाय कॅनभोवती असते ती हवा आणि हवा उष्णता फार सावकाश नेते. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ आणखी लागतो. दूध मात्र धार काढल्यापासून दोन-तीन तासांत ४-५ अंशांवर आले पाहिजे. कोमट दुधात जिवाणू अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होऊ शकतात. सात तासांनी थंड झालेले दूध थंड असते, पण आंबटपणा आधीच वाढलेला असतो. केंद्रावर उकळून पाहिले की ते फाटते.

यात कंट्रोलर महागडा घेतला तरी फरक पडत नाही. मुकादम बदलून मजुराची ताकद वाढत नाही.

यावर उपाय काय?

आधी बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. वरचे ५००० किलोज्यूल भागिले ३३४ केले तर उत्तर १५ किलो येते. वाया जाणारा धरून २० ते २५ किलो बर्फ हाताशी हवा. २०० वॅटच्या त्याच डीप फ्रीझरला एवढा बर्फ करायला १३ ते १७ तास लागतात, पण ते तास दिवसाचे असतात, दूध आलेले नसताना. म्हणजे फ्रीझर दिवसभर थंडावा साठवतो आणि संध्याकाळी तो एकदम वापरता येतो.

पद्धत सोपी आहे. टबात बर्फ आणि स्वच्छ पाणी घ्यायचे, त्यात कॅन दुधाच्या पातळीपर्यंत बुडवायचा आणि स्टीलच्या स्वच्छ दांड्याने दूध अधूनमधून ढवळायचे. अॅल्युमिनियम आणि पाणी दोन्ही उष्णता चटकन नेतात. त्याआधी कॅन विहिरीच्या गार पाण्यात ठेवून दूध २८ अंशांपर्यंत आणले, तर जवळपास पाव काम फुकटात होते. बर्फ थेट दुधात टाकायचा नाही. त्याने पाणी वाढते आणि ती भेसळ ठरते.

लक्षात घ्या, बर्फ करणाऱ्या फ्रीझरला कंट्रोलर लागतच नाही. त्याचा मूळ थर्मोस्टॅट पुरेसा आहे.

मग कंट्रोलर घ्यायचा कोणी?

ज्याला थंड झालेले दूध टिकवून ठेवायचे आहे आणि जो दही विकतो, त्याने. पिशवीतल्या दह्यासारखे घट्ट दही लावायला ४२-४३ अंश लागतात, घरच्या विरजणाला ३० ते ३७ अंश पुरतात. तापमान कमी पडले तर थंडीत दही लागत नाही, जास्त वेळ ऊब मिळाली तर उन्हाळ्यात ते आंबते आणि पाणी सुटते. रोज सारखेच दही हवे असेल तर तापमान अंदाजावर सोडून चालत नाही.

इथे दोन पेट्या वेगळ्या ठेवणे उत्तम. एक थर्माकोलचे अस्तर असलेली, फक्त ऊब देणारी, विरजणासाठी. दुसरी म्हणजे फ्रिज, दही लागल्यावर ४-५ अंशांवर नेण्यासाठी. दही मोठ्या पातेल्यात लावण्यापेक्षा छोट्या डब्यांत लावले तर ते लवकर गार होते आणि आंबणे थांबते.

खरेदी करताना काय पाहावे?

बाजारात मुख्यतः चार प्रकार दिसतात.

• डब्ल्यू१२०९ : काही शे रुपयांच्याही आतला उघडा बोर्ड, १२ व्होल्टवर चालणारा. ओल्या गोठ्यात २३० व्होल्टचा फ्रिज त्यावर चालवणे धोक्याचे. टाळा.

• एसटीसी-१००० : सर्वाधिक प्रचलित. गरम आणि थंड असे दोन वेगळे रिले, प्रत्येकी १० अँपिअरचे. अचूकता साधारण एक अंश. वायरिंग मात्र स्वतंत्र डब्यात, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे लागते.

• इंकबर्ड आयटीसी-३०८ : तयार सॉकेटसह येतो, वायरिंगची कटकट नाही. किंमत जास्त. मागवण्याआधी प्लग आपल्या सॉकेटला बसतो का, हे पाहा.

• पॅनेलवर बसणारे देशी कंट्रोलर : नवी मुंबईच्या सिलेकसारख्या कंपन्यांचे. फ्रिज दुरुस्त करणाऱ्यांना ओळखीचे असतात, सुटा भाग मिळणे सोपे जाते.

विक्रेता ‘पीआयडी’ म्हणून महाग मॉडेल दाखवेल. पीआयडी हीटरसाठी चांगले. कॉम्प्रेसर मात्र वारंवार चालू-बंद झालेला सोसत नाही, त्याला साधा ऑन-ऑफ कंट्रोलरच योग्य. सुरू होताना कॉम्प्रेसर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो. म्हणून मोठ्या फ्रीझरसाठी कंट्रोलरच्या रिलेवर भार न टाकता मध्ये कॉन्टॅक्टर बसवा.

सेटिंग कसे ठेवावे?

एसटीसी-१००० मध्ये एफ१ म्हणजे हवे ते तापमान, एफ२ म्हणजे फरक, एफ३ म्हणजे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधीची थांबण्याची मिनिटे आणि एफ४ म्हणजे सेन्सरची दुरुस्ती. दूध ठेवायच्या फ्रिजसाठी एफ१ ला ४ आणि एफ२ ला १ ठेवले तर तो ५ अंशांना सुरू होऊन ४ अंशांना थांबतो. एफ३ तीन मिनिटांपेक्षा कमी करू नका. वीज येताच कॉम्प्रेसरला झटका बसू न देणारी सोय हीच आहे.

सेन्सर मोकळ्या हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर धावतो. तो कॅनच्या बाहेरच्या अंगाला चिकटवून वरून थर्माकोलचा तुकडा लावा किंवा पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवा. दुधात थेट नको. वापरण्याआधी बर्फ कालवलेल्या पाण्यात सेन्सर धरा. शून्य दाखवत नसेल तर तेवढी दुरुस्ती एफ४ मध्ये करा.

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी यांवर काटकसर नको. ओल्या पायांनी फ्रिजला हात लावणारा माणूस आपल्याच घरातला असतो.

वीज गेली तर?

कंट्रोलर गप्प बसतो. बर्फ काम करत राहतो. व्होल्टेज आणि वीज यांचा भरवसा नसलेल्या वस्तीवर २५ किलो बर्फ हीच सर्वांत स्वस्त बॅटरी. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर आधी, कंट्रोलर नंतर.

व्हिडिओत दिसणाऱ्या बीअरचे काय?

हे कंट्रोलर जगभर गाजले ते घरी बीअर करणाऱ्यांमुळे. यीस्टला १८-२० अंश आणि पिंपाला त्याहून थंड तापमान लागते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती वापरासाठी बीअर करण्यास मोकळीक मिळाली. महाराष्ट्रात दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. यंत्र विकत घेणे गुन्हा नाही. आपल्याकडे त्याचा उपयोग दही-दुधासाठी. दही विकायचे असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना घ्यावा लागतो.

थोडक्यात

फक्त रात्रीचे दूध सकाळपर्यंत सांभाळायचे असेल तर पहिला खर्च बर्फाचे डबे, टब आणि ढवळण्याचा दांडा यांवर करा. दह्याचा धंदा असेल किंवा थंड दूध फ्रिजमध्ये टिकवायचे असेल तर दोन रिलेचा कंट्रोलर घ्या. त्यातही वायरिंगचे पैसे कंट्रोलरच्या किमतीइतकेच महत्त्वाचे समजा.