उत्तरांची उधारी

विज्ञानकथांवर आधारित मालिकांचा सध्या सुवर्णकाळ सुरू आहे, असं वारंवार ऐकू येतं. पैसा आहे, चांगले नट आहेत, दृश्यं सिनेमाच्या तोडीची आहेत. तरीही यातल्या बऱ्याच मालिका विज्ञानकथा नाहीतच, असं माझं म्हणणं आहे. त्या रहस्यकथा आहेत, आणि शेवटच्या पानावर हिशोब चुकता करायची रहस्यकथेची शिस्तही त्या पाळत नाहीत. (पुढे कथानकं उघड केली आहेत. चालणार नसेल त्यांनी इथेच थांबावं.)

विज्ञानकथेची एक जुनी कसोटी आहे: त्यातलं विज्ञान काढून घेतलं तर गोष्ट कोसळली पाहिजे. तिला मी एक पोटकलम जोडेन. त्या जगात काय होऊ शकत नाही, हे प्रेक्षकाला सांगता आलं पाहिजे. सगळंच शक्य असेल तर कुणालाच कशाची किंमत मोजावी लागत नाही, आणि मग नाट्य कुठून येणार?

'द एक्स्पान्स' (२०१५-२०२२) या कसोटीला उतरते. तिथे यानाचा वेग कमी करायचा तर ते उलटं फिरवून इंजिन चालवावं लागतं. सीरिसवर पाणी रेशनवर मिळतं. लघुग्रहांच्या पट्ट्यात कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या माणसाला पृथ्वीवर स्वतःचं शरीरच पेलत नाही. या एका भौतिक बंधनातून त्या लोकांची गरिबी, त्यांचा राग, त्यांचं राजकारण उगवतं. परग्रहावरच्या प्रोटोमॉलिक्यूलचं गूढ तिथेही आहे. पण ते बाजूला ठेवलं तरी पाणी, हवा आणि मजुरी यांवरचं भांडण उरतंच.

'सायलो'च्या पहिल्या सीझनचा तिसरा भाग घ्या. जमिनीखालच्या दहा हजार माणसांना वीज पुरवणारं जनरेटर दुरुस्त करायचंय. त्यासाठी ते बंद करायला हवं, पण वाफ तर येतच राहणार. म्हणजे मोजकी मिनिटं हातात. खलनायक नाही, धक्कातंत्र नाही. फक्त वाढता दाब आणि पाना घेतलेली माणसं. चालू सिस्टिम बंद करून रात्री दोन वाजता दुरुस्त केलेल्या कुणालाही त्या भागात घाम फुटेल. दुर्दैवानं मालिका पुढे 'बाहेर नक्की काय आहे?' या प्रश्नावर इतका वेळ काढते, की जुलिएट मुळात मेकॅनिक आहे याचाच विसर पडावा.

'फाउंडेशन'चा गुन्हा मोठा आहे. असिमॉव्हच्या सायकोहिस्टरीचा पायाच असा, की अब्जावधींच्या समूहाचं भाकीत करता येतं, एकट्यादुकट्याचं नाही. मालिकेनं मात्र गाल आणि सॅल्व्हर यांना भविष्याची चाहूल लागण्याची देणगी देऊन टाकली. आकडेशास्त्राच्या जागी अवतारी पुरुष (इथे स्त्रिया) आले. गंमत अशी, की मालिकेतली सर्वोत्तम गोष्ट पुस्तकांत नव्हतीच: एकाच सम्राटाचे क्लोन पिढ्यानपिढ्या गादीवर बसतात. ती जमते, कारण तिला नियम आहे. सगळे सम्राट तंतोतंत सारखे असलेच पाहिजेत. त्यामुळे किंचित वेगळा निघालेला क्लोन जिवाच्या भीतीनं जगतो. पुस्तकाशी इमान राखलं नाही म्हणून मी तक्रार करत नाही. कल्पनेशी इमान राखावं, एवढंच मागणं आहे.

'सेव्हरन्स' आवडणारे इथे म्हणतील, की गूढ म्हणजे पात्रांपर्यंत पोहोचायचा रस्ता असतो. असतो, पण 'सेव्हरन्स'चे सर्वोत्तम क्षण गूढातून येत नाहीत. ऑफिसातल्या 'मी'ला बाहेरचं काहीच आठवत नाही, हा नियम पहिल्याच भागात कळतो. मग हेली राजीनामा देते आणि तिचाच बाहेरचा अवतार तो फेटाळतो. दुसऱ्या सीझनच्या शेवटी दोन मार्क व्हिडिओवरून एकमेकांशी वाटाघाटी करतात. आतल्याला बाहेरच्याची सुटका म्हणजे स्वतःचा मृत्यू वाटतो, आणि ते बरोबरच आहे. या दोन्ही प्रसंगांसाठी बकऱ्यांच्या खोलीचा अर्थ कळायची गरज नाही. तरी २०२२ ते २०२५ ही तीन वर्षं बहुतेक चर्चा बकऱ्या आणि आकड्यांचीच. पगारासाठी स्वतःचा एक तुकडा वेठीला धरण्याबद्दलची मालिका आपण शब्दकोड्यासारखी सोडवत बसलो.

यात प्रेक्षकांपेक्षा धंद्याचा दोष जास्त. दरमहा वर्गणी घेणाऱ्याला उत्तर देण्यापेक्षा उत्तर लांबवणं फायद्याचं. आमच्या धंद्यात याला टेक्निकल डेट म्हणतात: आज सोय म्हणून टाळलेलं काम व्याजासकट परत येतं. 'वेस्टवर्ल्ड'नं दर सीझनला नवं कोडं घातलं. २०२२मध्ये चौथ्या सीझननंतर ती रद्द झाली आणि उधारी बुडीत गेली.

म्हणूनच 'ब्लॅक मिरर'चा २०२५मधला 'कॉमन पीपल' महत्त्वाचा वाटतो. त्यात बायकोचा मेंदू वर्गणीवर चालतो. स्वस्त प्लॅनमध्ये ती बोलता बोलता जाहिराती म्हणू लागते. त्या बंद करायच्या तर वरचा प्लॅन. यातलं तंत्रज्ञान काल्पनिक, दरपत्रक मात्र खरं. फुकटातलं कुठलं फीचर काढून पैसेवाल्या प्लॅनमध्ये न्यायचं, यावर आमच्याकडे तासन्‌तास बैठका होतात. त्यांत 'माणसाचं काय होईल?' हा रकाना नसतो. तो भरायचं काम विज्ञानकथेचं आहे. तीच जर रहस्याच्या दोरीवर कपडे वाळत घालत बसली, तर हा प्रश्न विचारणारं दुसरं कोण आहे?

तेव्हा पुढची मालिका बघताना तीन भाग झाले की थांबा आणि स्वतःला विचारा: या जगात काय अशक्य आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतंय? उत्तर सुचलं नाही तर खुशाल बंद करा. तीन सीझन थांबून मिळणारं उत्तर बहुधा लेखकांकडेही नसतं.