चित्रं काढून पोट भरतं का?

गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थ्याचे अब्बा शाळेत आले. कुवेतहून सुट्टीवर आलेले. सलाम-दुआ झाली, चहा झाला आणि त्यांनी विषय काढला. "सर, पोरगा म्हणतो बारावीनंतर प्रॉडक्ट डिझायनर होणार. म्हणजे काय, दर्जी? आणि चित्रं काढून पोट भरतं का?"

त्यांना हसण्यात अर्थ नाही. दापोलीच्या आमच्या मोहल्ल्यांत पोटापाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. आखात, जहाज, दुकान. फार तर डी.एड., बी.एड. मीही त्याच वाटेने आलो. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना आपण मुलांना बसवतो, पण दहावीला जादा गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते.

मी त्यांना शाळेच्या संगणकावर मराठीतली एक नोटीस दाखवली. "ही अक्षरं कुणी केली असतील?" ते म्हणाले, "मशीन करते." मशीन करत नाही. त्या अक्षरांचं नाव मंगल. कॉम्प्युटरवरची मराठी अनेकांनी पहिल्यांदा याच अक्षरांत वाचली. ती घडवली र. कृ. जोशी यांनी.

जोशींची वाट सरळ नव्हती. 1936 चा जन्म. जे.जे.मध्ये शिक्षण, मग जाहिरात कंपनीत नोकरी, उल्कामध्ये कलादिग्दर्शक. पोट जाहिरातीवर भरत होतं. पण नोकरीबाहेर हा माणूस मराठीत कविता करत होता, बोरू धरत होता, अक्षरांच्या मागे वेडा झाला होता. 1983 मध्ये ते मुंबई आयआयटीच्या डिझाइन केंद्रात शिकवायला गेले. तिथून निवृत्त झाल्यावर, साठीच्या पुढे, संगणकासाठी भारतीय लिप्यांचे फाँट केले. मंगल त्यातलाच. 2008 मध्ये ते गेले. नोकरीबाहेर जपलेला नाद शेवटी लाखो लोकांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू झाला.

उर्दूवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. कातिब हाताने मजकूर लिहायचा, तेव्हा आपलं वर्तमानपत्र निघायचं. 1980 च्या सुमारास पाकिस्तानात अहमद मिर्झा जमील यांनी हजारो जोड-आकार लिहून नूरी नस्तालीक यंत्रावर आणलं. खुशखत लिहिणाऱ्याच्या नजरेशिवाय ते झालं नसतं.

मग मी त्यांना त्यांच्याच घरातली गोष्ट सांगितली. मुलाची दादी कुरआन वाचते, पण औषधांच्या पाकिटावरचं इंग्रजी तिला कळत नाही. सकाळची गोळी रात्री घेतली जायची. मुलाने डब्यांवर सूर्य आणि चंद्र रंगवले. त्या दिवसापासून गोळ्या चुकल्या नाहीत. "भाई, प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे हेच. माणूस कुठे अडतो ते बघायचं आणि वस्तू त्याच्या सोयीची करायची." ते गप्प राहिले. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

वाट सोपी आहे असं मी म्हणणार नाही. आयआयटीसारख्या संस्थांत डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा असते. कोणत्याही शाखेचा बारावीचा मुलगा ती देऊ शकतो, पण पेपर इंग्रजीत असतो. उर्दू आणि मराठी माध्यमाच्या मुलांचं पाऊल तिथेच अडखळतं. क्लास शहरात, फी भारी. पण ही अडचण भाषेची आणि पैशाची आहे, मुलाच्या नजरेची नाही. आणि भाषेचं काम तर आम्हा शिक्षकांचंच आहे. आठवीपासून आठवड्याला दोन तास कुणी दिले तरी पुष्कळ होईल. मी या वर्षी ते सुरू करतोय.

जी मुलं या क्षेत्रात पोहोचली आहेत त्यांनाही एक सांगायचं आहे. पुण्या-बंगळुरात दिवसभर स्क्रीनसमोर बसून ॲप बनवता, ठीक. पण ईदला आलात की मोबाइल खिशात ठेवा. हर्णैच्या बंदरावर मासळीचा लिलाव बघा, दादीजवळ बसा. ज्यांच्यासाठी वस्तू करायच्या ती माणसं ऑफिसात भेटत नाहीत.

निघताना त्या अब्बांनी विचारलं, "त्या परीक्षेचा फॉर्म कधी निघतो?" होकार अजून दिलेला नाही. पण मुलाची रंगपेटी माळ्यावरून खाली आली आहे, एवढं मला कळलंय.

तुमच्या घरातली कुठे आहे?