भुताचा केक आणि दाण्याचे कूट

एका वाचकभगिनींचे पत्र आले आहे. त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मुलीकडे चालल्या आहेत. तिकडे ३१ ऑक्टोबरला हॅलोविन नावाचा भुतांचा सण असतो आणि नातीने फोनवर बजावून ठेवले आहे की, "आजी, या वर्षी भुताचे चॉकलेट केक तूच करायचेस." जावयांचे म्हणणे पडले की घरी केलेले तिकडे कोणी घेत नाही, बाजारातली बंद पाकिटेच वाटावीत. त्या विचारतात, घरचे करावे की विकतचे आणावे? मुलांच्या प्रकृतीला काय बरे? शेवटी त्यांनी एक ओळ जोडली आहे, "मला स्वतःला मधुमेह आहे."

प्रश्न वरवर परका वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांतली मुले-सुना आज तिकडे आहेत, म्हणून उत्तर पत्राने न देता येथेच देत आहे. शिवाय हा सण मी २०२४ साली न्यू जर्सीत मुलीच्या घरी पाहिला, आणि त्या दिवशी माझ्या हातून एक मोठी चूक होता होता राहिली. तीही सांगणार आहे.

सण मूळचा आयर्लंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना मृतात्मे परत येतात अशी तिथल्या जुन्या लोकांची समजूत होती. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस, त्याची ही आदली रात्र. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक अमेरिकेत गेले आणि हा सण तिकडे रुजला. आयर्लंडात सलगम कोरून दिवे करीत, अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला. पितृपक्ष पाळणाऱ्यांना यात फार नवल वाटू नये. आपण पितरांना खीर-वडे वाढतो, तिकडे पोरेच भुते होऊन दारोदार खाऊ मागत फिरतात, इतकेच. २०२४ मध्ये नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले होते. सकाळी उटणे, अभ्यंगस्नान, फराळ आणि संध्याकाळी भुते, असा माझ्या नातवाचा दिवस गेला.

आता जावयांच्या म्हणण्याकडे वळू. पूर्वी अमेरिकेतही घरी भाजलेली बिस्किटे, सफरचंदे, मक्याच्या लाह्यांचे लाडू मुलांच्या हातावर ठेवीत. पुढे भीती पसरली की अनोळखी माणसे खाऊत विष नाहीतर ब्लेड घालतात. १९७४ साली टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा हॅलोविनच्या मिठाईतले सायनाइड पोटात जाऊन दगावला, तेव्हा ती भीती पक्की झाली. तपासात काय निघाले? विष घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी. १९८४ साली त्याला देहदंड झाला. जोएल बेस्ट नावाचे एक समाजशास्त्रज्ञ १९५८ पासूनच्या अशा बातम्या तपासत आले आहेत. दारोदार फिरून मिळालेल्या खाऊत अनोळखी माणसाने काही घातले आणि त्याने मूल दगावले किंवा गंभीर दुखावले, असे एकही सिद्ध झालेले प्रकरण त्यांना सापडलेले नाही. तरीही काही इस्पितळे मुलांच्या पिशव्यांचे एक्स-रे काढून देत असत! माझ्या मते हा भीतीचा आजार आहे, आणि त्यापायी घरच्या हातचे खाणे मात्र या सणातून गेले.

खरा धोका रस्त्यावर असतो. १९७५ ते २०१६ या ४२ वर्षांतल्या अपघातांच्या नोंदी पाहून संशोधकांना आढळले की हॅलोविनच्या संध्याकाळी अमेरिकेत पादचाऱ्यांच्या मृत्यूचा धोका आगेमागेच्या संध्याकाळींपेक्षा ४३ टक्के जास्त असतो. काळोख लवकर पडतो आणि भुतांचे कपडे काळे. तेव्हा केक कोणताही असो, नातीच्या हातात टॉर्च द्या आणि सोबत मोठे माणूस पाठवा.

तर घरचे अवश्य करावे. मात्र अमेरिकन माणूस शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराला उगाच भितो, तसे आपण आपल्या स्वयंपाकघराबाबत उगाच निश्चिंत असतो. "घरचं आहे, काही होत नाही," हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटले असेल.

त्या दुपारी आम्ही कोको घालून छोटे केक भाजले. वर पिठीसाखर दुधात कालवून कोळ्याचे जाळे काढायचे होते. (एकात एक गोल रेघा काढायच्या आणि मध्यापासून कडेकडे काडी ओढत न्यायची, झकास जाळे होते.) पिठीसाखर संपली होती, म्हणून मी मिक्सरच्या भांड्यात साखर घालून फिरवली. त्याच भांड्यात सकाळी काकडीच्या कोशिंबिरीसाठी दाण्याचे कूट केले होते. मुलगी धावत आली. "आई, ती साखर नको! शेजारच्या मुलाला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे." मला राग आला. "अगं, विसळलंय मी. कणभर कुटानं काय होतंय? चाळीस वर्षं दवाखाना चालवलाय, मला शिकवू नकोस." ती शांतपणे म्हणाली, "मागच्या वर्षी एका बिस्किटावरून त्याला अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं होतं, आई."

मी साखर टाकून दिली.

संध्याकाळी तो सहा वर्षांचा मुलगा सांगाड्याचा पोशाख घालून आला. कमरेला छोटी पिशवी, तीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन. त्याच्या आईने मला विचारले, यात काय काय घातले आहे, भांडी कोणती वापरली? मी सगळे सांगितले, सकाळच्या कुटाचेही. तिने क्षणभर विचार केला आणि त्याला केक दिला नाही. मनाला लागले खरे, पण तिचे बरोबर होते. ओटा तोच, चमचे तेच, फडकेही तेच. तिने एक केळे सोलून अर्धे कापले, उभे ठेवले आणि आपल्या पिशवीतल्या चॉकलेटचे दोन ठिपके डोळे म्हणून लावले. झाले भूत! माझा नातूही आपला केक टाकून तेच मागू लागला.

आपल्याकडे मुले रांगत्या वयापासून दाण्याचे कूट खातात. माझ्या दवाखान्यात दाण्याने गंभीर झालेले मूल मी पाहिले नव्हते, म्हणून तो फाजील आत्मविश्वास. लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की, अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या बाळांना तान्ह्या वयातच शेंगदाणा मऊ स्वरूपात देऊ लागल्यास पुढे दाण्याची अ‍ॅलर्जी होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पण एकदा अ‍ॅलर्जी जडल्यावर त्या मुलाला "थोडं थोडं देऊन सवय करू" हा प्रयोग घरी चुकूनही करू नये.

लक्षणे ओळखून ठेवा. खाल्ल्यावर काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ किंवा डोळे सुजतात, उलटी होते. आवाज घोगरा झाला, श्वासाला घरघर लागली, मूल मलूल पडले, तर क्षणही दवडू नये. ॲड्रिनलिनचे इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात, आणि बरे वाटले तरी इस्पितळात न्यावेच लागते, कारण त्रास काही तासांनी उलटू शकतो. खाजेच्या गोळीवर विसंबून बसू नये.

अमेरिकेत दाणे, सुकामेवा, दूध, अंडे, गहू अशा मुख्य पदार्थांची नोंद पाकिटावर सक्तीची आहे. २०२३ पासून त्यात तीळही आले. घरच्या केकला मात्र पाकीट नसते, त्यामुळे करणारीनेच सगळे आठवून सांगायला हवे. २०१४ पासून तिकडे आणखी एक चांगली पद्धत देशभर सुरू झाली आहे. ज्या दारात मोरपिशी रंगाचा भोपळा दिसेल, तिथे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी खेळणे, पेन्सिल असे काही मिळते. मला ही कल्पना फार आवडली.

केकचे कच्चे पीठ मुलांना चाटू देऊ नका. बेसनाच्या लाडवाची कढई आपण लहानपणी चाटली, पण ते बेसन तुपात खमंग भाजलेले असे. केकच्या पिठात कच्चे अंडे असते आणि मैदाही कच्चाच. मैद्यातल्या जंतूंमुळे २०१६ मध्ये अमेरिकेत कितीतरी लोक आजारी पडले. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्यापासून दूर ठेवा, त्याला ते विषासमान आहे.

साखरेचे म्हणाल, तर दुधाच्या चॉकलेटमध्ये साधारण निम्मी साखरच असते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली सांगितले की २ वर्षांवरील मुलांना वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या, म्हणजे सहा चहाच्या चमच्यांच्या आत असावी. सणाच्या एका दिवशी ती ओलांडली म्हणून आकाश कोसळत नाही. त्रास होतो तो पिशवीभर गोळ्या पुढे तीन आठवडे येता-जाता चघळण्याने. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होऊन दात झिजतात, चिकट गोळीने तर अधिकच. त्यापेक्षा जेवणाबरोबर एकदाच काय ते खावे आणि झोपण्यापूर्वी दात घासावेत. घरच्या करंज्या-शंकरपाळ्यांनाही हेच लागू आहे, हे सांगायला नको.

आता तुमच्या मधुमेहाबद्दल. केकचा लहान तुकडा जेवणानंतर खा, त्या जेवणातली एक पोळी कमी करा, गोळी मात्र चुकवू नका. 'शुगरफ्री' चॉकलेटच्या नादी लागू नका, त्यातल्या काही पर्यायी गोडव्यांनी पोट बिघडते. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी विमानात हातातल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन घेत असाल तर तेही हातातच, सामानाच्या पेटीत ते गोठून निकामी होण्याचा संभव असतो. आणि दाण्याचे कूट न्यायचेच असेल, तर त्याचा डबा, चमचा आणि मिक्सरचे भांडे पहिल्या दिवसापासून वेगळे काढून ठेवा.