अखेरचा निर्णय कोणीं घ्यावा ?

पुण्याच्या एका भगिनींचें दीर्घ पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. त्यांचे सासरे निवृत्त संस्कृत शिक्षक होते. वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षीं त्यांस स्नायूंची शक्ति हळूहळू हरण करणारा असाध्य रोग जडला. प्रथम हात गेले, मग पाय, मग वाणी अडखळूं लागली. वाणी शाबूत होती तोंपर्यंत ते घरांतील प्रत्येकास एकच गोष्ट सांगत : "गिळतां येईनासें झालें म्हणजे नळी घालूं नका. यंत्रावर ठेवूं नका. माझ्या खोलींत, माझ्या पुस्तकांजवळ मला जाऊं द्या." सर्वांनीं तें ऐकलें, मान डोलाविली, आणि "असें अभद्र बोलूं नये" म्हणून विषय बदलला. कोणीं एक ओळही लिहून घेतली नाहीं.

पुढें एका रात्रीं त्यांचा श्वास कोंडला. घाबरलेल्या मंडळींनीं त्यांस इस्पितळांत नेलें आणि पहांटेपर्यंत घशांत नळी व उशाशीं यंत्र आलें. थोरले चिरंजीव म्हणाले, "बाबांची इच्छा अशी नव्हती." धाकटे परदेशांत, ते दूरध्वनीवरून म्हणाले, "मी येईपर्यंत कांहीं काढूं नका." डॉक्टरांनीं विचारलें, "रुग्णाचें लेखी कांहीं आहे काय ?" नव्हतें. तेवीस दिवस गेले. सासूबाई बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसून असत, साठ वर्षांच्या त्या सहधर्मचारिणीस "तुम्हांला काय वाटतें?" असें कोणीं एकदांही विचारलें नाहीं. चोविसाव्या दिवशीं प्रश्न आपोआप सुटला. आतां दोघे बंधु एकमेकांशीं बोलत नाहींत. पत्राच्या शेवटीं त्या भगिनी विचारतात : "आम्ही मामंजींचे अपराधी आहोंत काय ?"

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं ज्या विषयाच्या पोटीं तो जन्मला, त्याचा शांतपणें विचार करणें आम्हांस अवश्य वाटतें. 'इच्छामरण' या एकाच शब्दाखालीं आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतों आणि मग वादांत सर्वच गोंधळ होतो. पहिली गोष्ट अशी कीं, बरें होण्याची आशा संपल्यावर केवळ श्वास लांबविणारा उपचार रुग्णानें नाकारावा, किंवा चालू असेल तो थांबवावा. मरण येतें तें रोगानें येतें. दुसरी, डॉक्टरांनीं औषध लिहून द्यावें आणि रुग्णानें तें स्वतःच्या हातानें घ्यावें. तिसरी, डॉक्टरांनीं स्वतः सुई टोंचून जीवन संपवावें. अमेरिकेंतील ओरेगन राज्यांत दुसऱ्या प्रकारास १९९४ सालीं लोकमतानें मान्यता मिळाली व १९९७ पासून कायदा अमलांत आला. तेथें रुग्ण सहा महिन्यांहून अधिक जगणार नाहीं असें दोन डॉक्टरांनीं सांगावें लागतें. स्वित्झर्लंडमध्यें १९४२ पासून अमलांत असलेला दंडविधि स्वार्थी हेतूनें केलेल्या साहाय्यासच शिक्षा सांगतो. नेदरलँड्सनें २००२ पासून व कॅनडानें २०१६ पासून, अटी घालून कां होईना, तिसऱ्या प्रकारासही परवानगी दिली आहे. आपल्या देशांत दुसरा व तिसरा हे दोन्ही प्रकार गुन्हा आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही आत्महत्येस साहाय्य करणाऱ्यास शिक्षा सांगते. पहिला प्रकार मात्र आज कायदेशीर आहे, आणि हीच गोष्ट आपल्या सुशिक्षित घरांतूनही फारशी ठाऊक नाहीं.

येथवर येण्याची वाट महाराष्ट्रांतूनच गेली आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांजवर १९७३ च्या नोव्हेंबरांत तेथील एका नोकरानें पाशवी अत्याचार केला. मेंदूस प्राणवायु न मिळाल्यानें त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. पिंकी विराणी यांनीं त्यांच्या वतीनें सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. ७ मार्च २०११ रोजीं न्यायालयानें ती विनंति अमान्य केली, परंतु उच्च न्यायालयाच्या अनुमतीनें उपचार थांबवितां येतील असें तत्त्व प्रथमच मान्य केलें. ज्या परिचारिकांनीं अरुणाताईंची वर्षानुवर्षें सेवा केली, त्यांचा या विनंतीस विरोध होता, ही गोष्ट विसरून चालणार नाहीं. मायेचाही एक अधिकार असतो. १८ मे २०१५ रोजीं न्यूमोनियानें त्यांचें देहावसान झालें. पुढें ९ मार्च २०१८ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या पीठानें सन्मानानें मरण येणें हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे असें ठरविलें, आणि शुद्धींत असतांना आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली. त्यांतील क्लिष्ट अटी २०२३ च्या जानेवारींत पुष्कळ सोप्या झाल्या. गोव्यांत ३१ मे २०२४ रोजीं तेथील खंडपीठाचे न्यायमूर्ति महेश सोनक यांनीं स्वतःचें असें इच्छापत्र करून उदाहरण घालून दिलें.

"हें सारें आपल्या धर्मांत बसतें काय ?" असा प्रश्न कित्येक आजोबा-आजींच्या मनांत येईल, आणि तो हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं. आपल्या धर्मशास्त्रानें आत्महत्या हें महत्पाप मानिलें आहे. तथापि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं धर्मशास्त्राच्या इतिहासांत दाखविल्याप्रमाणें, ज्याच्या रोगापुढें वैद्यांनीं हात टेकले आहेत किंवा ज्याला अतिवार्धक्यामुळें शौचाचारही पाळतां येत नाहीं, अशास देहत्यागाची मोकळीक देणारीं वचनेंही निबंधकारांनीं उद्धृत केलीं आहेत. आणि पुढें कलिवर्ज्य प्रकरणांत वृद्धांचा असा देहत्याग निषिद्धही ठरविला गेला. म्हणजे आपल्या पूर्वजांनींही या प्रश्नावर डोळे मिटले नव्हते, वाद घातला होता. आपल्या आठवणींतल्या काळांत स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं अन्न व औषध वर्ज्य करून २६ फेब्रुवारी १९६६ रोजीं देह ठेविला. आचार्य विनोबांनीं १९८२ च्या नोव्हेंबरांत पवनार येथें तोच मार्ग पत्करला. जैन बांधवांच्या सल्लेखनेस २०१५ सालीं राजस्थानच्या उच्च न्यायालयानें गुन्हा ठरविलें, पण त्याच महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिति दिली.

परंतु या थोर उदाहरणांनीं हुरळून जाणेंही बरें नव्हे. कृतार्थ जीवनाच्या अखेरीस पूर्ण शुद्धींत देहाचा निरोप घेणारा पुरुष वेगळा, आणि वेदनेनें तळमळत "मला सोडवा" म्हणणारा रुग्ण वेगळा. दुसऱ्याच्या तोंडचें 'सोडवा' हें कित्येकदां मरणाचें मागणें नसून वेदनेची तक्रार असते. वेदना शमली कीं तोच रुग्ण नातवंडाला जवळ बोलावतो. म्हणून आमच्या मतें पहिला हक्क आहे तो वेदनाशमनाचा. मुंबईस वांद्र्याला 'शांति आवेदना सदन' १९८६ पासून कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेंतील रुग्णांची सेवा करीत आहे. केरळांत अशी सेवा घरोघर पोंचली आहे. मॉर्फीन मिळविण्यांतील कायद्याच्या अडचणी २०१४ च्या दुरुस्तीनें कमी झाल्या. आपल्या घरांत मात्र "अफूची संवय लागेल" या भीतीनें मरणोन्मुख माणसास वेदना सोसावयास लाविली जाते. चार आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाच्या संवयीची ही चिंता कोणत्या शहाणपणांत बसते ?

आतां आमचें मत स्पष्टच सांगतों. आशा संपल्यावर यंत्र नाकारण्याचा रुग्णाचा हक्क आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. श्वास लांबविणें आणि जगविणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. परंतु प्राण घेणारें औषध देण्याची मुभा कायद्यानें द्यावी काय, याविषयीं आमचें मन अजून कचरतें, आणि त्याचें कारण परदेशांत नव्हे, आपल्याच माजघरांत आहे. आपल्या एकत्र कुटुंबांतील विधवा काकूंनीं जन्मभर "मला काय, कांहींही चालेल" असेंच म्हटलेलें असतें. शिळी पोळी चालेल, कोपऱ्यांतली खाट चालेल. उद्यां अशी मुभा मिळाली, आणि औषधाचा खर्च व सुनांची ओढाताण पाहून काकू म्हणाल्या, "मला आतां जाऊं द्या", तर तें वाक्य त्यांचें कीं आपलें, हें कोण ठरविणार ? जो हक्क दुर्बळाच्या गळ्यांत कर्तव्य होऊन पडतो, त्याला हक्क म्हणतां येत नाहीं. आमच्या या भयास उत्तर देणारेही आहेत. ते म्हणतात, ज्याला वेदनाशामकानेंही आराम पडत नाहीं, त्यानें इतरांच्या भयासाठीं कां सोसावें? हें म्हणणें आम्हांस निरुत्तर करतें, हेंही आम्ही लपवूं इच्छित नाहीं.

तरी मतभेदाची वाट न पाहतां आज करण्याजोगी गोष्ट सर्वांच्या हातीं आहे. अठरा वर्षांवरील कोणाही शहाण्या माणसास आपलें वैद्यकीय इच्छापत्र करतां येतें. कोणत्या अवस्थेंत कोणता उपचार नको, हें निःसंदिग्ध शब्दांत लिहावें. आपली वाचा बंद पडल्यावर निर्णय कोणीं सांगावा, त्याचें नांव घालावें. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरीकडून अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें साक्षांकित करावें. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे व एक स्थानिक स्वराज्य संस्थेनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. मन बदललें तर तें केव्हांही रद्द करतां येतें. प्रसंग आला म्हणजे उपचार करणारे डॉक्टर व किमान पांच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ रुग्णास पाहतात. त्यांच्या निर्णयाची दुसरें तीन डॉक्टरांचें मंडळ फेरतपासणी करतें. प्रत्येक मंडळानें शक्यतों अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावें आणि उपचार थांबविण्यापूर्वीं दंडाधिकाऱ्यांस कळवावें, असा नियम आहे. म्हणजे एका रागावलेल्या मुलाच्या किंवा थकलेल्या सुनेच्या शब्दावर कांहींच घडत नाहीं. रुग्णानें कांहीं लिहून ठेवलें नसेल, तरीही आप्तांच्या संमतीनें याच मार्गानें जातां येतें. पण मग आप्तांचें एकमत लागतें, आणि तें नेमकें त्याच वेळीं दुर्मिळ होतें.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींस आमचें सांगणें इतकेंच : तुम्ही अपराधी नाहींत. रात्रीं श्वास कोंडलेल्या माणसास उचलून नेणें हा मायेचा धर्म होता. धाकट्या दिरांचें "मी येईपर्यंत थांबा" हेंही निर्दयपणाचें नव्हे. दूर राहिलेल्या मुलाचा तो आक्रोश होता. चूक झाली ती त्या रात्रीं नव्हे, त्याआधींच्या दोन वर्षांत. मामंजी बोलत होते आणि सर्वजण त्यांना गप्प करीत होते, तेव्हां. ती चूक घरोघर होते, आमच्याही घरीं झाली आहे. दोघां बंधूंना हें समजावून सांगण्याचें काम तुमच्याकडे आलें आहे असें समजा.

आणि एक काम राहिलें आहे. सासूबाई अजून आहेत, त्यांची वाणी शाबूत आहे. एखाद्या निवांत दुपारीं त्यांच्याजवळ बसून त्यांना काय हवें आहे तें विचारा. त्या प्रथम "मला काय, कांहींही चालेल" असें म्हणतील. तेवढ्यावर उठूं नका. दुसऱ्यांदा विचारा, आणि त्या जें सांगतील तें लिहून घ्या.