विश्वासाच्या आत राहिलेला संशय

ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत ‘साक्ष’ नावाचा एक भाग असतो; साक्ष म्हणजे विश्वास ठेवल्यानंतर आपल्या आयुष्यात देवाने काय केले, हे त्या व्यक्तीने सर्वांसमोर उभे राहून सांगणे. तांबरममध्ये ऐकली काय किंवा अहमदनगरला ऐकली काय, या साक्षीची घडण बहुधा सारखीच असते: आधी कर्ज, व्यसन, आजार किंवा घरातला कलह, मग प्रार्थना आणि मग सुटका. त्यात खोटे काही नाही, कारण अशी सुटका अनेकांनी खरोखर अनुभवलेली आहे. पण ज्याचे दुःख प्रार्थनेनंतरही टिकून राहिले, ज्याच्या मनातला संशय बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडाला नाही, त्याला या घडणीत जागा मिळत नाही आणि तो मागच्या बाकावर गप्प बसून राहतो. मराठी ख्रिस्ती परंपरेतील सर्वांत प्रामाणिक माणसे मात्र याच मागच्या बाकावर बसणाऱ्यांच्या जातकुळीची होती, आणि त्यांच्या आयुष्याचा हा भाग मंडळ्यांतून फारसा सांगितला जात नाही.

बाप्तिस्म्यानंतर मागच्या आयुष्याचे काय होते, हा प्रश्न तांबरमला परका नाही. चेन्नईच्या दक्षिणेकडील या उपनगरात मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७ मध्ये मूळ शहरातून हलवून आणले गेले, आणि पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९३८ मध्ये, आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेची जागतिक सभा त्याच आवारात भरली. चीनमधील हांगचौ येथे ठरलेली ही सभा चीन-जपान युद्धामुळे भारतात आणावी लागली होती. सभेसाठी डच विचारवंत हेन्ड्रिक क्रेमर यांनी एक मोठा ग्रंथ लिहिला होता आणि त्यात असे प्रतिपादन केले होते की, ख्रिस्तामध्ये देवाने केलेले प्रकटीकरण आणि माणसांनी उभारलेले धर्म यांना जोडणारा सलग रस्ता नाही, त्यांच्यामध्ये खंड आहे. मद्रासमधील पी. चेंचय्या, व्ही. चक्कराई आदी भारतीय ख्रिस्ती विचारवंतांनी याला स्पष्ट विरोध केला. भारतीय माणूस आपला सगळा वारसा घेऊनच येशूकडे येतो आणि तो वारसा केवळ टाकून देण्याजोगा नसतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. वाद धर्मशास्त्राचा होता हे खरे, परंतु तो ज्या ठिकाणी सर्वांत तीव्रतेने लढला जातो ते ठिकाण सभागृह नसून एकट्या माणसाचे मन असते, आणि मराठी माणसांनी तो तांबरमच्या सभेआधी कितीतरी वर्षे स्वतःच्या मनात लढवलेला होता.

नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांचे उदाहरण या दृष्टीने विलक्षण आहे. १८२५ मध्ये चित्पावन घराण्यात जन्मलेले आणि काशीत वाढलेले हे पंडित मुळात मिशनऱ्यांना वादात हरवण्यासाठी पुढे आले होते. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या ख्रिस्ती मताच्या संस्कृत ग्रंथाला त्यांनी ऐन तारुण्यात ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हे संस्कृतातच उत्तर लिहिले, आणि त्यानंतर काही वर्षांतच, १८४८ मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या हे नाव स्वीकारले. पुढे षड्दर्शनांचे, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा प्रमुख पद्धतींचे, खंडन करणारा ‘षड्दर्शनदर्पण’ त्यांनी लिहिला आणि ते ख्रिस्ती पक्षाचे मोठे तर्कपंडित ठरले. तरीही ज्या धारदार बुद्धीने त्यांना नव्या धर्मापर्यंत आणले, तिने त्यांना तिथे स्वस्थ बसू दिले नाही; शंका त्यांच्या आयुष्यभर परत परत येत राहिल्या, एका मठवासी संघात प्रवेश करूनही संकोचामुळे त्यांनी अखेरचे व्रत घेतले नाही, आणि १८९५ मध्ये ते मुंबईत वारले तोवर उपवास, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांची कठोर शिस्त त्यांनी सोडली नाही. त्यांच्या शंका लपवणाऱ्यांनी त्यांचे भले केले नाही, कारण त्या शंकांसह प्रार्थना करीत राहण्यातच त्यांचे धैर्य होते.

गोऱ्हे यांच्या लेखनाचा ज्यांच्या निर्णयावर परिणाम झाला त्या पंडिता रमाबाईंची कहाणी अधिक परिचित आहे, पण तिचाही एक भाग वगळूनच ती सांगितली जाते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाई वडिलांबरोबर, अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर, पुराणे सांगत दक्षिणेतील तीर्थांमध्ये फिरल्या, आणि दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील व मोठी बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली; देवळादेवळांतून केलेली व्रते आणि दाने यांनी कोणाचाही प्राण वाचला नाही, ही जखम त्यांच्या पुढच्या सर्व विचारांच्या मुळाशी आहे. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, आणि तेवीस वर्षांची विधवा लहानग्या मुलीला, मनोरमेला, घेऊन पुण्यात आली व पुढच्याच वर्षी इंग्लंडला निघाली. तिथे वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाला असताना तिच्या सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या तरुणीने आत्महत्या केली, आणि त्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

प्रचलित साक्षीचा नमुना लावायचा तर कहाणी इथे संपायला हवी होती. परंतु रमाबाईंनी १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात उलट सांगितले आहे: बाप्तिस्मा घेतला तेव्हा ख्रिस्ती धर्म आपल्याला मिळाला, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नाही, आणि मनाची भूक आणखी आठ वर्षे, १८९१ पर्यंत, तशीच राहिली, असा त्या निवेदनाचा आशय आहे. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसलेल्या नव्हत्या. अमेरिकेत त्यांनी व्याख्याने दिली, १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, ते पुण्याला नेले. म्हणजे ज्या काळात बाहेरचे जग त्यांना यशस्वी म्हणत होते, त्याच काळात आतली लढाई चालूच होती. याच काळातल्या त्यांच्या पत्रव्यवहारातून दिसते की, वाँटेजच्या भगिनींनी ठरवून दिलेले सगळे मत मुकाट्याने मान्य करणे त्यांना शक्य नव्हते. क्रुसावर लॅटिन अक्षरे का असावीत, संस्कृत का नसावीत, असा प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि आहारात त्या शाकाहारी राहिल्या. हा हट्ट म्हणजे विश्वासातली उणीव, असे समजणारे तेव्हाही होते. वास्तविक स्वतःचा आवाज गमावून मिळणारा दिलासा नाकारण्याइतका त्यांचा देवावर भरवसा होता. पुढे धर्मांतराच्या आरोपांवरून १८९३ मध्ये सदनाचे सल्लागार मंडळ बाजूला झाले, तेव्हा त्या खचल्या नाहीत, आणि १८९६ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी केडगावला मुक्ती सदन उभे केले. ज्या मुलीने दुष्काळात आईवडील गमावले, तिने दुष्काळातल्या शेकडो मुलींना घर दिले. इथे सेवा हीच त्यांच्या आंतरिक जखमेची वाट झाली.

लक्ष्मीबाई टिळकांची वाट याहून वेगळी. त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात माहेरच्या माणसांचे म्हणणे, सोवळ्याओवळ्याची सवय आणि नवऱ्यावरची माया यांच्यामध्ये त्यांना राहावे लागले, आणि ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचणाऱ्याला त्यांचे मत कोणत्या एका क्षणी बदलले हे दाखवता येत नाही. कितीएक लहानसहान प्रसंगांतून ते बदलत गेले.

या माणसांकडे पाहून एक निष्कर्ष काढता येतो की, बाप्तिस्मा हा संघर्षाचा शेवट मानला तर विश्वासू माणसावर एक अन्याय होतो, आणि तो अन्याय मनाच्या आजारांच्या बाबतीत सर्वांत क्रूर ठरतो, कारण ज्याला महिनोन्‌महिने झोप येत नाही किंवा जगण्याची इच्छा उरत नाही, त्याला ‘तुमचा विश्वास कमी पडतो’ असे सांगितले की तो आजाराबरोबर अपराधीपणाही वाहू लागतो. तांबरमचाच इतिहास वेगळे काही शिकवतो. येथील क्षयरोग रुग्णालय, ज्याच्यामुळे लोकल गाडीच्या एका स्थानकाला तांबरम सॅनिटोरियम हे नाव पडले, ते १९२८ मध्ये डॉ. चौरी मुथू या ख्रिस्ती डॉक्टरने सुरू केले. इंग्लंडमधील त्यांच्याच आरोग्यधामात पूर्वी गणितज्ञ रामानुजन यांच्यावर उपचार झाले होते. क्षयावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते, म्हणून रोग्याने विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार यांवर महिनोन्‌महिने काढायचे असत. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने पुढे मनोरुग्णांसाठी केंद्र काढले आणि कुटुंबीयांना रोग्याजवळ राहू दिले. प्रार्थना आणि उपचार यांच्यात वैर नाही, हे या दोन्ही संस्थांनी आचरणातून मान्य केले होते. त्यामुळे पाळकांनी, म्हणजे मंडळीची काळजी वाहणाऱ्या धर्मगुरूंनी, ज्याचे मन हरलेले आहे त्याच्यासाठी गुडघे टेकावेत आणि त्याच आठवड्यात त्याला डॉक्टरकडे न्यावे. चेन्नईत १९८६ पासून आत्महत्या टाळण्यासाठी काम करणाऱ्या ‘स्नेहा’ या संस्थेचा दूरध्वनी क्रमांक चर्चच्या सूचना फलकावर उपासनेच्या वेळांशेजारी लावावा, आणि साक्षीच्या वेळी ज्याची कहाणी अजून पुरी झालेली नाही अशा माणसालाही बोलू द्यावे.