मृग नक्षत्रात वर्ण कुणी घुसवला?

१४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक संपली की आमच्या वस्तीतली पोरं वर्सोव्याच्या चौपाटीवर येऊन बसतात. यंदा तिथे एका मुलीने विचारलेला प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. तिचं लग्न जमत होतं. मुलगा आपलाच, घरात बाबासाहेबांचा फोटो, लग्नही बौद्ध पद्धतीने होणार. पण मुलाच्या आईने पत्रिका मागितली. मुलीचं नक्षत्र मृग निघालं. ती म्हणाली, "दादा, त्या मृगात असं आहे तरी काय?"

मृग समोरच होता. एप्रिलमध्ये अंधार पडला की तो पश्चिमेला, समुद्राकडे कललेला दिसतो. चार पायांचे चार तारे आणि पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण. बाणाच्या डाव्या अंगाला छोटी दुर्बीण लावली की मुंबईच्या उजेडातही एक धुरकट ठिपका सापडतो. तो मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३०० प्रकाशवर्षं.

तिथे आजही तारे जन्माला येताहेत. त्या तेजोमेघाच्या मागे वायू आणि धुळीचा प्रचंड, काळोखा, थंडगार ढग आहे. तापमान उणे २६० अंश सेल्सियसच्या आसपास. त्यात मुख्यतः हायड्रोजनचे रेणू, म्हणून त्याला रेण्वीय मेघ म्हणतात. ढगाचा एखादा भाग दाट झाला की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळतो, तापत जातो. केंद्रातलं तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेलं की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं आणि तारा पेटतो. नव्या तप्त ताऱ्यांच्या प्रकाशाने भोवतालचा वायू उजळतो. तोच आपल्याला दिसणारा ठिपका.

आता पत्रिका उघडा. गुणमेलनाच्या ३६ गुणांतला पहिला गुण कोणता? 'वर्ण'! राशीवरून तुम्ही ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य की शूद्र ते ठरतं. मृगाचे पहिले दोन चरण वृषभ राशीत, म्हणून वैश्य. उरलेले दोन मिथुनेत, म्हणून शूद्र. एकाच नक्षत्राची अशी फाळणी! आणि मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच हा गुण मिळतो. हा आकाशाचा नियम आहे की अनुलोम-प्रतिलोमाचा? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेली मनुस्मृती पत्रिकेच्या घडीत लपून आपल्याच घरात परत येते आहे.

कुणी म्हणेल, ३६ मधला एकच तर गुण! मित्रांनो, प्रश्न गुणांचा नाही. ज्याने तो तक्ता मांडला, त्याला आकाशातही वर्ण हवा होता. आपण मुकाट्याने तो मान्य का करावा? ग्रहताऱ्यांवरून भविष्य सांगून पोट भरणं बुद्धांनी भिक्खूंना निषिद्ध मानलं. दीघनिकायातल्या ब्रह्मजालसुत्तात ते स्पष्ट आहे.

मात्र उलट्या टोकाची चूकही नको. 'ताऱ्यांत भेद नाही, म्हणून माणसांत समता हवी' असं आपलेच काही वक्ते सांगतात. ऐकायला छान, पण युक्तिवाद कच्चा. तारेही लहानमोठे असतात, मग विषमता मान्य करायची का? बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये हा मुद्दा निकाली काढला आहे. माणसं सारखी नसली तरी समता हे तत्त्व म्हणून स्वीकारावंच लागतं. समतेला निसर्गाचं सर्टिफिकेट लागत नाही. खगोलशास्त्र करतं ते एवढंच, की विषमतेने आकाशाच्या नावावर काढलेलं खोटं सर्टिफिकेट फाडून टाकतं.

रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचं होतं. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. माणूस ताऱ्यांच्या धुळीपासून घडलेला आहे, ही जाणीव त्याच्या शेवटच्या पत्रातही होती. आपल्या रक्तातलं लोह, हाडांतलं कॅल्शियम आधीच्या ताऱ्यांत तयार झालं, त्यांच्या अंतानंतर अशाच ढगांत मिसळलं. हे ज्ञान त्याला हवं होतं, आणि ते आपल्या पोरांचा हक्क आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्याने दुर्बीण आकाशात चढवून तारे जन्मणाऱ्या अशाच ढगांचा अभ्यास केला. वर्सोव्याहून कुलाबा फार लांब नाही. पण आपल्या वस्तीतून तिथवरची वाट किती जणांना कुणी दाखवली?

म्हणून पुढच्या जयंतीला डीजेच्या वर्गणीतून एक दुर्बीण घ्या. मिरवणुकीनंतर चौपाटीवर लावा, पोरांना मृग दाखवा. आणि लग्न जमवताना कुणी पत्रिका मागितली, तर सांगा: नक्षत्र बघायचंय ना? चला, दुर्बिणीतून दाखवतो.

जय भीम!